बारा लिटरांचा गुरुवार

गुरुवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ढगाळ. ६.४० ला निघाले, धाकटीकडे ९.२० ला पोचले. तिचा डावा डोळा आज जास्त लाल. एकोणीसशे एक्याऐंशीचा मार्च वाचून संपवला. ती दोनदा हसली. २.३० ला परत निघाले. घाटमाथा दोन किलोमीटर राहिला असताना गाडी बंद पडली. पेट्रोल संपले. एक तास पंचवीस मिनिटे थांबावे लागले. एका टेम्पोवाल्याने खालच्या पंपावरून डबा भरून आणून दिला. घरी ६.३५. मुलाला फोनवर सांगितले. मागचे दार वाऱ्याने आपटते आहे.

डायरीत एवढेच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करताना जीव लाजेने अर्धा झाला होता, हे काटेवहिनींनी लिहिले नाही. वयाच्या अकराव्या वर्षी शाळेतल्या सिस्टरने पहिली वही हातात देताना बजावले होते, "काय झालं ते लिही. काय वाटलं ते देवाला सांग, त्याला वेळ असतो." त्याला आता एकसष्ट वर्षे झाली. वह्यांनी एक लोखंडी ट्रंक भरली, दुसरी गळ्यापर्यंत आली, पण सिस्टरचा नियम वहिनींनी मोडला नाही.

आणि गंमत अशी की त्या दिवशी पेट्रोल संपले ते या डायरीमुळेच.

काटेवाले हे काही त्यांच्या यजमानांचे आडनाव नव्हे. ते तराजू दुरुस्त करायचे. वाण्याच्या दुकानातला टांगता तराजू, गोदामातला जमिनीवरचा भला मोठा काटा, सोनाराच्या काचेच्या पेटीतला श्वासानेही हलणारा काटा, सगळे त्यांच्याकडे यायचे, नाहीतर ते त्यांच्याकडे जायचे. म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत आणि त्यांच्या बायकोला काटेवहिनी. माणूस नाकासमोर चालणारा आणि अबोल. बोलले तर ग्रॅममध्ये बोलायचे. भाजीची पिशवी उंबऱ्यातच बायकोच्या हातातून घ्यायची, जराशी वरखाली करायची आणि म्हणायचे, "पावणेतीन." मुलगा झाला तेव्हा नर्सने वजन करायच्या आधीच त्यांनी तान्ह्याला दोन्ही हातांवर तोलले आणि सांगितले, "तीन किलो शंभर."

"तीन दीडशे," नर्स काट्याकडे बघत म्हणाली.

"मग तुमचा काटा पन्नास ग्रॅम पुढे आहे, बाई," काटेवाले म्हणाले, आणि बायको कशी आहे हे विचारायच्या आधी त्यांनी खिशातला छोटा स्क्रू ड्रायव्हर काढून तो काटा जागेवर आणला. पुन्हा वजन केले. तीन शंभर. वहिनींनी पुढे कितीतरी वर्षे हा किस्सा चारचौघांत सांगून त्यांना लाजवले.

घाटापलीकडच्या गावाचा बाजार गुरुवारी बंद असायचा. बाजार बंद म्हणजे तराजू मोकळे. म्हणून दर गुरुवारी काटेवाले आपली जुनी गाडी काढून घाट ओलांडायचे आणि वहिनी बरोबर जायच्या, कारण त्याच गावात त्यांची धाकटी बहीण दिली होती. ते दुकानोदुकानी फिरायचे, ह्या दिवसभर बहिणीकडे. संध्याकाळी परत. एकतीस वर्षे हा परिपाठ चालला. जायचे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, यायचे अठ्ठ्याऐंशी, आणि डायरीत दर बुधवारी एकच ओळ: पेट्रोल १२.

पुरे बारा. टाकी भरून घेणे काटेवाल्यांना मान्यच नव्हते. "पेट्रोल म्हणजे वजनच की," ते म्हणायचे. "टाकी भरून घाट चढायचा म्हणजे भरली घागर घेऊन विहिरीवर जायचं." बारा लिटरात जाऊन-येऊन वर घोटभर उरायचे. तेवढे त्यांना पुरायचे.

मग गाडीच्या डिकीत पंचावन्न किलोची लोखंडी वजने कशाला, असे वहिनींनी एकदा विचारले होते. वीसचे एक, दहाची दोन, पाचची दोन, आणि खाली लहान-लहान, असे सगळे लाकडी पेटीत बसवलेले. त्यांनी वर न बघता उत्तर दिले, "कामाचं वजन ओझं नसतं."

खरे गुरुवार मात्र परतीच्या वाटेवर असायचे. घाटमाथ्यावर गाडी आली की काटेवाले गिअर काढायचे. न्यूट्रल. इंजिनाची घरघर खाली जायची आणि गाडी आपल्याच वजनाने, ब्रेकवरच्या हलक्या पायाने, अकरा किलोमीटर उतरत जायची. पेट्रोल वाचवायची त्यांची ही युक्ती. त्या शांततेत त्यांना बोलावेसे वाटायचे. दिवसभर तोंडातून चार शब्द न काढणारा माणूस त्या उतारावर बोलायचा. आणि खाली नदीचा पूल आला, गिअर पडला, की तोंडही बंद. वहिनींच्या संसारातल्या बहुतेक गोष्टी त्या अकरा किलोमीटरांत ठरल्या होत्या. जुन्या वह्यांत तशा नोंदी सापडतात. "उतारावर म्हणाले, घर घेऊन टाकू." "उतारावर म्हणाले, मुलाला शिकायचे ते शिकू द्या, तराजू त्याला नको." "उतारावर म्हणाले, निळी साडी बरी दिसते." आणि साडेचार वर्षांपूर्वीची एक, "उतारावर म्हणाले, डॉक्टरांनी गाठ आहे सांगितले. घरी ७.००. कोबी आणला."

शेवटच्या दिवसांत त्यांच्या डाव्या गुडघ्याने दगा दिला. क्लच दाबवेना. तेव्हा जुनी गाडी देऊन त्यांनी ही घेतली, ऑटोमॅटिक, टर्बोवाली. अकरा महिने चालवली, पण दवाखाना आणि बाजार एवढीच. घाट काही त्यांच्याच्याने झाला नाही. मार्चमध्ये ते गेले. जाण्याआधी एका रविवारी त्यांनी वजनांची पेटी नव्या गाडीच्या डिकीत आपल्या हाताने बसवली होती. दुरुस्तीची कामे केव्हाच बंद झाली होती. वहिनींनी काही विचारले नाही.

सात महिने गाडी दारात उभी राहिली. घाटाची फेरी बंद पडल्यापासूनच्या दोन वर्षांत धाकटीची दृष्टी जवळजवळ गेली. फोनवर ती एकदा म्हणाली, "ताई, मला आता माणसं सावलीसारखी दिसतात. तू ये, तुझी सावली तरी बघते." ऑक्टोबरात वहिनींनी कपाटातून किल्ली काढली. जाताना जुन्या वह्या पिशवीत घातल्या. धाकटीला वाचून दाखवायच्या. त्यांच्या दोघींच्या तरुणपणातली भांडणे, पावसात वाहून गेलेल्या चपला, धाकटीच्या बाळंतपणात जळालेले दूध, सगळे तारीखवार. धाकटी डोळे मिटून ऐकायची आणि हसायची. "अगं, त्या दूधवालीचं नाव सुद्धा लिहून ठेवलंयस का?" "लिहिलंय." "वाच, वाच."

आणि दर बुधवारी वहिनींनी डायरी उघडून पाहिले, तिथे बारा होते, म्हणून बारा भरले. तीन गुरुवार टाकीतल्या आधीच्या पेट्रोलने भागवले, चौथ्या गुरुवारी घाटाने हिशेब दाखवला.

"दिवा लागला नव्हता का?" मुलगा फोनवर ओरडलाच. तो पाचशे किलोमीटरांवर, पुलांच्या बांधकामावर इंजिनिअर. पूल पडेल की नाही हे त्याला कळते, आई पडेल की नाही हे कळत नाही म्हणून तो चिडायचा.

"लागला होता."

"मग?"

"डायरीत बारा आहे."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आई, डायरी या गाडीला माहीत नाही."

"माहीत करून देईन."

"काही नको. अठ्ठावीस तारखेला मी येतोय. माझ्या ओळखीचा एक जण आहे, तो गाडी घ्यायला तयार आहे. ही गाडी पेट्रोल पिते आणि तुला रस्त्यात बसवते. मावशीकडे बसनं जा."

"दोन बस बदलाव्या लागतात. पोचेपर्यंत दुपारचा एक. परतीची शेवटची तीनला."

"मग राहा तिथं."

"तीन खोल्यांत सहा माणसं आहेत तिच्याकडे. मी काय माळ्यावर झोपू?"

"फोनवर वाचून दाखव."

"फोनवर ती नुसतं हं हं करते. समोर असलं की हसते."

वहिनींनी तेवढ्यात पाऊल पुढे टाकले. "बाबांच्या बारा लिटरात ही गाडी जाऊन आली तर?"

"नाही येणार."

"आली तर?"

"आली तर ठेव. पण मी शेजारी बसून बघणार."

"बस की. तुला काय मी टपावर बसवणार आहे?"

फोन ठेवल्यावर वहिनींच्या लक्षात आले की आपण पैज लावली आहे. आयुष्यात पहिल्यांदा. सिस्टर असती तर पट्टी काढली असती.

दुसऱ्या दिवशी त्या गॅरेजवर गेल्या. गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण बॉनेट उघडण्याआधी तो मालकाला पाच प्रश्न विचारायचा आणि त्यातली तीन उत्तरे खोटी धरायचा. काटेवाल्यांच्या जुन्या गाडीची नाडी त्यानेच वीस वर्षे सांभाळली होती.

"किती पिते, वहिनी?"

"जाऊन-येऊन सोळा."

"आणि तुम्हाला पाहिजे किती?"

"बारा."

डॉक्टरने हात पुसायचे फडके खांद्यावर टाकले. "मग मी कशाला? जादूगार बोलवा."

पण तो त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, चालवा. वहिनी चालवू लागल्या. काटेवाल्यांनीच चाळिसाव्या वर्षी गोदामामागच्या मैदानात त्यांना शिकवले होते. डॉक्टर रस्त्याकडे बघतच नव्हता, त्यांच्या पायांकडे बघत होता.

"तुमचा डावा पाय काय करतोय?"

"काही नाही."

"काही नाही तर ब्रेकवर कशाला बसलाय?"

वहिनींनी खाली पाहिले. खरेच बसला होता. तीस वर्षे क्लच दाबलेला पाय. क्लच नाही म्हटल्यावर बिचारा शेजारच्या पट्टीवर हलकेच टेकून राहिला होता.

"नोकरी गेली, पण ऑफिसला यायचं सोडवत नाही त्याला," डॉक्टर म्हणाला. "ब्रेक घासत घासत तुम्ही घाट चढताय. चाकाला हात लावून बघा, पोळी भाजेल. उद्यापासून डाव्या पायातली चप्पल काढून ठेवा. अनवाणी पाय आपोआप मागे राहतो."

मग टायर. सात-आठ महिन्यांत हवा कोणी पाहिलीच नव्हती. मग सकाळी गाडी पाच मिनिटे नुसती सुरू ठेवायची सवय. जुनी गाडी तशी तापवल्याशिवाय पाऊल उचलायची नाही, म्हणून काटेवाल्यांचा नियम. "ही अर्ध्या मिनिटात तयार असते," डॉक्टर म्हणाला, "फक्त पहिले दोन किलोमीटर हळू. आणि आता मुख्य गोष्ट ऐका. हिचं इंजिन लहान आहे. टर्बो म्हणजे त्याच्यामागं उभा केलेला पैलवान. तुम्ही पाय खसकन दाबला की तो धावून येतो. काम झकास करतो, पण खुराक दुप्पट मागतो. पाय मऊ ठेवा. त्याला उठवूच नका."

"आणि चढाला?"

"चढाला थोडा उठेल, त्याला इलाज नाही. पण खालूनच एक वेग धरा आणि तो सोडू नका. मध्येच घाई नको. सपाटीला वेग आला की पाय जरासा सैल करायचा. गाडी आपणहून वरचा गिअर घेते. तिला तेवढा इशारा पुरतो, नवीन सुनेसारखी नाही."

"तुमच्या सुनेला सांगू का हे?"

"वहिनी, माझं गॅरेज चालू राहू द्या." हसत हसत त्याने डिकी उघडली आणि त्याचे हसू थांबले. पेटीची एक बाजू उचलायचा प्रयत्न करून तो म्हणाला, "हे काय, बँक लुटलीत?"

"ह्यांची वजनं आहेत."

डॉक्टरने पेटी सोडली. फडक्याने झाकण पुसले. "मी हात लावत नाही," तो म्हणाला. "पण घाट चढताना पंचावन्न किलो म्हणजे एक माणूस बसवल्यासारखं आहे."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

चौदा तारखेचा गुरुवार गॅरेजमध्ये गेला. धाकटीला फोन केला, ती हं हं करत राहिली. एकवीसला वहिनी एकट्या निघाल्या. डावी चप्पल मागच्या सीटवर. पाय मऊ. समोरच्या ट्रकला आधीच दुरून ओळखून वेग उतरवायचा, ऐन वेळी ब्रेक मारायचा नाही. एका वळणावर मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून ओरडला, "आजी, ढकलू का?" "ढकल की, तेवढंच पेट्रोल वाचेल," त्या काच न उतरवताच म्हणाल्या. धाकटीकडे बावीस पाने वाचून झाली. परतल्यावर पंपावर नळी पहिल्यांदा आपोआप टक् करून थांबेपर्यंत भरून घेतले, सकाळी भरले होते तसेच. तेरा पूर्णांक नऊ.

सोळावरून तेरा-नऊ. आणखी दोन लिटर कुठून वाचवायचे? वहिनी सरळ डॉक्टरकडे गेल्या. त्याने पाय, टायर, वेग, सगळे पुन्हा विचारले. मग डोळे बारीक केले.

"काहीतरी लपवताय."

वहिनी किल्लीच्या कडीशी चाळा करत राहिल्या. "उतारावर न्यूट्रल करते," अखेर त्या म्हणाल्या.

"पूर्ण अकरा किलोमीटर?"

"हे करायचे. पेट्रोल वाचतं म्हणून."

"वहिनी, न्यूट्रल केलं की इंजिनाला नुसतं जिवंत राहायला पेट्रोल लागतं. गिअरमध्ये ठेवून पाय काढलात तर उतरताना चाकंच इंजिनाला फिरवतात. पेट्रोल बंद होतं. एक थेंब जात नाही. शिवाय ब्रेकवरचा भार कमी. न्यूट्रलमध्ये घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, ते वेगळंच."

वहिनींचा चेहरा उतरला. पेट्रोलचे त्यांना काही वाटले नव्हते. "म्हणजे हे एकतीस वर्षं चुकत होते?"

डॉक्टरला प्रश्न कळला. "नाही" असे तो घाईने म्हणाला नाही. टेबलावरचा पाना उचलला, ठेवला. "त्या गाडीत नव्हते चुकत. तिच्यात पेट्रोल असं बंद होण्याची सोय नव्हती, तिला ते शहाणपण नव्हतं. तिच्यात वाचायचं. ब्रेकचं म्हणाल तर मी त्यांना दर वर्षी रागवायचो, आणि ते दर वर्षी नवे ब्रेक बसवून घ्यायचे. तो माणूस त्या गाडीचा होता. ही गाडी वेगळी आहे."

घरी येऊन वहिनी ट्रंकेसमोर बसल्या. त्या दिवशी उतारावर त्यांनी गिअर काढला होता तेव्हा गाडीत इतकी शांतता होती की पिशवीतल्या वह्या एकमेकींवर घसरल्याचे ऐकू आले. अकरा किलोमीटर त्यांनी कान देऊन काढले. कोणी काही बोलले नाही. मागच्या चारही गुरुवारी बोलले नव्हते. हे त्यांनी लिहिले नव्हते, कारण काही झालेच नव्हते.

सत्तावीसच्या दुपारी त्यांनी डिकी उघडली. पेटी अख्खी उचलणे शक्य नव्हते. एकेक वजन बाहेर काढले, जुन्या उशीच्या अभ्र्याने पुसले आणि मागच्या खोलीत नेले. वीसचे वजन आणताना वाटेत तीनदा टेकले. कामाचं वजन ओझं नसतं, असे ते म्हणायचे. मग काम संपल्यावर त्याला काय म्हणायचे, हे त्यांनी सांगितले नव्हते. पण वहिनींना त्यांचा हिशेब पाठ होता. खोलीत रिकामी पेटी आणून त्यांनी सगळी वजने त्यांच्या त्यांच्या खाचेत परत बसवली. एकही चुकले नाही.

रात्रीच्या गाडीने मुलगा आला आणि सकाळी ६.४० ला तो आईच्या शेजारी बसला. आधी पंपावर. टक् होईपर्यंत टाकी भरली. तिथून तो मीटरवर नजर लावून बसला, जणू नव्या पुलाची तपासणी करायला आला आहे.

"आई, ओव्हरटेक कर ना."

"कशाला? त्याच्या घरी जायचंय आपल्याला?"

"तुझी एक चप्पल कुठंय?"

"मागं. तू खाली बघू नकोस, पुढं बघ."

धाकटीने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, तू किती सुजलायस!" मग त्याच्यादेखत एक्याऐंशीचा जून वाचला गेला. त्यात तो दीड वर्षाचा होता आणि त्याने मावशीच्या नव्या साडीवर जे केले ते वेळेसकट नोंदवलेले होते. धाकटी खोकला येईपर्यंत हसली. मुलगा आधी कानकोंडा झाला आणि मग मावशीच्या तोंडाकडे बघत राहिला.

परतीला घाटमाथा आला. वहिनींचा हात सवयीने गिअरच्या दांड्यावर गेला. तिथे थांबला. त्यांनी तो उचलून परत स्टिअरिंगवर ठेवला आणि उजवा पाय काढून घेतला. इंजिन घुमत राहिले, गाडीला मागून कोणी धरल्यासारखा वेग आटोक्यात राहिला. समोरच्या पडद्यावर पेट्रोलच्या आकड्याच्या जागी नुसते शून्य आले.

"इथं तुझे बाबा बोलायचे," वहिनी म्हणाल्या. "पुलापर्यंत."

तिसऱ्या वळणानंतर मुलगा म्हणाला, "मला पेट्रोलचं काही नाही, आई. तू त्या दिवशी इथं कुठंतरी दगडावर बसली होतीस. एकटी. मी तिकडे मीटिंगमध्ये होतो. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही."

"दगडावर नव्हते बसले. गाडीत बसले होते. दारं लावून."

"तेच ते."

"तेच नाही. दगड गार होता."

तो हसला, नाक ओढले, आणि मग त्याच्या पुलांचे, साहेबाचे, भाड्याच्या खोलीत एकटे जेवताना टीव्ही लावून ठेवायच्या सवयीचे, असे काहीबाही सांगत राहिला. वहिनी ऐकत होत्या. गाडी गिअरमध्ये होती, इंजिनाचा आवाज होता, तरी माणूस बोलत होता. पूल आला. पूल मागे पडला. तो थांबला नाही.

पंपावर नळी टक् करून थांबली. मुलाने वाकून आकडा वाचला.

"बारा पूर्णांक आठ." तो सरळ झाला. "बारा नाही, आई."

वहिनींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुझं वजन किती रे?"

"ब्याऐंशी. का?"

"मी दर गुरुवारी एकटी जाते. आज ब्याऐंशी किलो जास्त घेऊन दोनदा घाट चढले. बारा लिटर माझे. वरचं तुझं."

पंपावरचा माणूस पाठमोरा होऊन हसू लागला. "हे बाबांचं गणित झालं," मुलगा म्हणाला.

"मग? काटा पन्नास ग्रॅम पुढं होता तेव्हाही तुझ्याच वजनावरून भांडण झालं होतं."

टाकीचे झाकण उघडायला घेतलेली किल्ली त्याने आईच्या हातात ठेवली, पण सोडली नाही. "एक अट. टाकी भरूनच निघायचं. बाराबिरा बंद."

"चढाला ओझं..."

"पेट्रोलची भरलेली टाकी किती किलोची?"

वहिनींनी डोळे मिटून हिशेब केला. "तीस."

"आणि डिकीतून काढलेली पेटी?"

पेटी गेल्याचे त्याने कधी पाहिले, हे वहिनींनी विचारले नाही. पंचावन्नातून तीस गेले, तरी गाडी पंचवीस किलोने हलकीच. काटेवाल्यांनाही यात खोट काढता आली नसती. त्यांनी किल्ली ओढून घेतली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. सकाळी स्वच्छ ऊन. मुलगा बरोबर. धाकटीकडे ९.१०. एक्याऐंशीचा जून वाचून झाला. ती खूप हसली. घरी ५.२०. पेट्रोल १२.८. गाडी विकायची नाही असे ठरले. पुढच्या बुधवारपासून टाकी पूर्ण भरणे. मुलगा उद्या सकाळच्या बसने जाईल, त्याच्यासाठी सहा अंडी उकडून ठेवली. वजनांची पेटी दोघांनी सरकवून मागच्या दाराला लावली. दार आता आपटत नाही.